खंडेनवमीला मांडलेली खुर्ची

साहेब, धारवाडच्या शिक्षण हापिसात बसून नऊ वर्षांच्या एका पोरीला तुम्ही शाळेतून उठवलंत. दंडाला धरून नाही, कान पिळून नाही. मोबाईलच्या काचेवर बोट फिरवून उठवलंत. वर कागदावर लिहिलंत की हे तिच्या सोयीसाठी केलं. कुणाची सोय झाली ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आता झालं काय ते पहिल्यापासून ऐका, आणि मधे बोलू नका. तुमच्या टेबलासमोर पोरीचा बाप सटवाजी जसा तोंड मिटून उभा होता, तसं ऐका.

सटवाजी अळणावरच्या लाकूडगिरणीत ओंडके ओढतो. गाव तिथून सहा किलोमीटर, रानाच्या कडेला. बायको कौसल्या लोकांच्या भातात रोपं लावायला, भांगलायला, कापणीला जाते. एकच लेक, दीपाली. जन्मली तेव्हा बऱ्याच वेळानं रडली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, हात ताठतात, शब्द तोंडातून यायला वेळ घेतो. डोकं मात्र तल्लख. गिरणीचा भोंगा झाला की "अप्पा निघाला" हे घरात पहिल्यांदा तिला कळायचं.

गावात सरकारी मराठी शाळा. कौसल्या रोज सकाळी पोरीला कडेवर मारून शाळेत न्यायची, भिंतीच्या कोपऱ्यात बसवायची आणि विळा घेऊन कामाला पळायची. दीपाली दिवसभर भिंतीला टेकून. घटकाभरात ती एका अंगाला कलंडायची, शेजारची पोरं तिला सरळ करायची, परत कलंडायची. दोन वर्षांत तिच्या पाटीवर एक अक्षर उमटलं नव्हतं. दुपारचा भात शाळेतली स्वयंपाकीण बाई तिला भरवायची, पण भरवता भरवता म्हणायची, "माझी दुसरी भांडी कोण घासायचं गे?" पोर मग अर्ध्या भातातच तोंड मिटायची.

गेल्या वर्षी शाळा उघडल्यावर मेधा आली. हुबळीच्या कमरीपेठेतली, दुकानदाराची पोर. डॉक्टर नव्हे, मास्तरीण नव्हे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अकरा शाळांना मिळून ती एकटी, आणि तीही कंत्राटी. दर दुसऱ्या मंगळवारी यायची. गावानं तिचं नाव 'हातपायवाली बाई' ठेवलं.

पहिल्या दिवशी तिनं ना गोळी दिली, ना पाय ओढले. तासभर नुसती बघत बसली. मग हेडमास्तर बाळाचार्यांना विचारलं, "सर, ही लिहीत का नाही?"

"हाताला दोष आहे की बाई. बघताय न्हवं?"

"हात मोकळा आहे कुठं तिचा? दोन्ही हात जमिनीला टेकवून ती स्वतःला सावरतेय. एक उचलला की पडते. पेन्सिल काय दातात धरायची काय?"

मेधा दीपालीच्या मागं मांडी घालून बसली. तिची कंबर आपल्या दोन गुडघ्यांत धरली, पाय फाकवून तळवे जमिनीला लावले. दीपालीचे हात जमिनीवरून हळूच उचलले गेले. थरथरले. मग उजवा हात पाटीवर आला आणि खडूची एक रेघ ओढली गेली, वाकडी, पाटीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

कौसल्या दारात उभी होती. विळा हातात. कामावर जायची वेळ टळून गेली होती. पदर तोंडात कोंबून तशीच उभी राहिली.

"अक्का," मेधा म्हणाली, "मी रोज हिच्या मागं बसू शकत नाही. माझ्या गुडघ्यांचं काम करणारी खुर्ची पायजे. तुमचे मालक लाकडात आहेत म्हणे?"

"ओंडकं ओढत्यात. सुतार न्हवं."

"रंधा हाय की माझ्याकडं," सटवाजी संध्याकाळी म्हणाला. "बापाचा हाय. पटाशी पण हाय. बाईला म्हणावं, माप दे."

मेधानं माप सुतळीत गाठी मारून दिलं. एक गाठ मांडीची, एक गुडघ्यापासून तळव्यापर्यंतची, एक कमरेची, एक कोपराच्या उंचीची. गिरणीच्या मालकानं फणसाच्या फळ्यांचे तुकडे नेऊ दिले. सटवाजी दहा रविवार आणि गिरणी बंद पडली ते दोन दिवस खुर्चीच्या कामाला बसला. दोनदा बैठक चुकली. एकदा पाय लोंबकळले, मेधानं मान हलवली, "तळवा टेकला नाही तर कंबर सुटते, अण्णा." त्यानं पायाखाली फळी ठोकली. मांड्यांच्या मधे गोल ठोकळा बसवला, पाय कात्री होऊ नयेत म्हणून. तो रंध्यानं आणि मग काचेच्या तुकड्यानं घासून घासून केळीच्या गाभ्यासारखा गुळगुळीत केला. कमरेला बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं. समोर फळी, तिला पोटाच्या आकाराची खाच, म्हणजे कोपरं टेकायला दोन्हीकडं जागा.

शेजारची म्हातारी इंदुमती रोज येऊन बघायची. "लेकीला सिंव्हासन केलंस की गा सटवाजी. आता जावई राजाच हुडकायला लागतोय."

"राजा कशाला, मास्तर चालतोय."

"मास्तर नको बाबा. मास्तर बायकोची पण हजेरी घेतोय."

खुर्ची डोक्यावर घेऊन तो शाळेत गेला. पोरं मागं. दीपालीला बसवलं, पट्टा आवळला, फळी सरकवली. तिनं दोन्ही हात वर केले. नुसते वर केले आणि बघत राहिली. जमिनीला न टेकता ते कधी इतका वेळ वर राहिले नव्हते.

पुढचं सगळं बारीकसारीक कामाचं, साहेब, आणि बारीकसारीक काम तुमच्या अहवालात मावत नाही. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली. पाटी निसटू नये म्हणून खाली ओलं फडकं. चमच्याचा दांडा वाकवून तोंडाच्या वाटेला लावला. बाळाचार्यांना मेधानं सांगितलं, हिला प्रश्न विचारला की मनात दहा मोजा, मग दुसऱ्याला विचारा. मास्तर पहिल्यांदा हसले. पण मोजू लागले. सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर यायला लागलं, आणि ते बरोबर असायचं.

पाच महिन्यांत ती स्वतःच्या हातानं भात खाऊ लागली. निम्मा सांडायचा, निम्मा पोटात जायचा. वर्षाच्या शेवटी तिनं 'दीपाली' लिहिलं. वेलांटी ओळीच्या बाहेर गेली होती. बाळाचार्यांनी ती पाटी तीन दिवस कुणाला पुसू दिली नाही.

आता यंदाच्या दसऱ्याचं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. जो ज्याच्यावर पोट भरतो ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडू, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत त्याला हलवायचं नाही. सटवाजीचा ओंडके ओढायचा आकडा आणि रंधा, कौसल्याचे दोन विळे. ह्या वर्षी कौसल्या म्हणाली, "खुर्ची पण आणा की शाळेतली."

"खुर्ची कशाला?"

"तुम्ही आकड्यावर जगताय, मी विळ्यावर. पोर कशावर शिकतीय?"

शाळेला दसऱ्याची सुट्टी लागलीच होती. बाळाचार्यांनी कुलूप काढून दिलं. "न्या की, देवाच्या कामाला कोण नको म्हणतंय. शाळा उघडली की आणून टाका." सटवाजीनं खुर्ची घरी आणली. विळ्यांच्या शेजारी मांडली. दीपालीनं पायफळीवर कुंकवाचं बोट ओढलं. एवढीच चूक त्यांची. लेकीच्या शिकण्याला कष्ट समजले, आणि कष्टाला देव.

दुपारी योगेश सर मोटारसायकलीवर आले. खास गरजा असलेल्या पोरांचे तालुक्याचे शिक्षक. अंगाला घाम, हातात मोबाईल.

"शाळेला कीली, मी काय करू?" ते आल्या आल्या म्हणाले. कीली म्हणजे कुलूप. "साहित्य म्हणजे ही खुर्ची आणि पोर, दोन्ही एका फोटोत पायजेत, ॲपवर चढवायला. आज शेवटचा दिवस. धारवाडहून सकाळपासून फोन चालू आहेत. बसवा बघू तिला."

कौसल्या आडवी आली. "सर, मांडलेलं हत्यार हलवत न्हाईत. उद्या बसवतो."

"उद्या ॲप बंद होतंय, अक्का."

"मग परवा."

"अक्का, माझी नोकरी जाईल गे."

कौसल्यानं नवऱ्याकडं बघितलं. सटवाजी म्हणाला, "न हलवता बसव. देवाला काय, पोर जड व्हतीय?" तिनं खुर्ची जागची हलू न देता दीपालीला वर उचलून आत सोडलं. पाठीमागं झेंडूची माळ, बाजूला चुलीचा धूर, मांडलेले विळे. योगेश सरांनी तीन फोटो काढले.

"सर, ते काय विचारलालंय?" सटवाजीनं मोबाईलमधे डोकावून विचारलं.

"काही नाही, सुम्ने, उगीच. जागा विचारतंय. शाळा का घर. फोटो घरात काढलाय म्हटल्यावर घरच दाबायला लागतंय, नाहीतर पुढं सरकत नाही."

दाबलं. सरकलं. योगेश सरांनी चहा घेतला, दीपालीच्या गालाला हात लावला आणि गेले.

शाळा उघडली त्या दिवशी सटवाजी खुर्ची डोक्यावर घेऊन आला, कौसल्या पोरीला घेऊन मागं. बाळाचार्य पायरीवरच उभे होते.

"सटवाजी, थांब गा."

"का?"

"नाव वर्गातून उडालंय तिचं. 'गृहाधारित' मधे गेलंय. म्हणजे आता घरीच शिकवायचं. मास्तर घरी येणार."

"कोण म्हटलं?"

"वरून आलंय. खुर्ची घरात, पोर घरात, फोटो हाय. साहित्याचा वापर घरी, असं लिवलंय."

"सर, तुम्हीच कीली काढून दिलासा की. पूजेला नेली."

"मला ठाऊक हाय रे. त्यास्नी कुठं ठाऊक हाय?"

कौसल्या म्हणाली, "मग आता आणलीय न्हवं. घ्या की आत."

बाळाचार्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "कागदावर खुर्ची घरात हाय. तपासणीला शाळेत सापडली तर मी खोटा. आणि पोर पडली-बिडली तर? नाव पटावर न्हाई, मग जबाबदार कोण? दोन वर्षांनी निवृत्त होतोय मी. माझ्या पेन्शनीवर कशाला उठताय?"

आत पोरं पाढे म्हणत होती. दीपालीचे ओठ आईच्या खांद्यावर हलत होते, एक पाऊल मागं, पण बरोबर. सटवाजीच्या मानेची शीर ताठली होती. डोक्यावरची खुर्ची त्यानं खाली ठेवली नाही. तसाच वळला.

मेधाचा मंगळवार आला तो रिकामा. तिच्या शाळेच्या यादीत ह्या गावात आता पोरच नव्हतं, म्हणून गाडी दुसरीकडं वळवली. ती रविवारी स्वतः आली, हुबळीहून दोन बस बदलून. जमिनीवर सोडलेल्या दीपालीचे पाय चाचपून बघितले.

"खुर्ची आहे घरी, मग बसवत नाही?"

"सकाळी दोघं कामाला जातो, बाई. एकटीला पट्ट्यात बांधून कसं जायाचं? चूल हाय, कुत्री हायती. म्हातारीपाशी गोणपाटावर सोडतो."

"आणि घरी येणारे मास्तर?"

"कुठलं मास्तर?"

मेधा खाली बघत म्हणाली, "खुर्ची म्हणजे औषध नव्हे, अक्का. बाकीची पोरं, फळा, मास्तरांचा प्रश्न, भाताची रांग, त्या सगळ्याच्या मधे ती बसते, तेव्हा हात चालतो तिचा. घरात बसून कुणासाठी लिहील ती?" मग म्हणाली, "सोमवारी धारवाडला जाऊ. शिक्षण हापिसातल्या साहेबांना दाखवू. खुर्ची घेऊन या."

सोमवारी गिरणीला खाडा केला. अळणावरच्या स्टँडवर कंडक्टरनं खुर्ची बघितली. "हे काय? कुर्ची गिर्ची बेडा, नको. दिवाळीची गर्दी आहे, माणसं टपावर चढवू काय?"

"पोरीची हाय, अण्णा. हापिसात दाखवायची हाय."

"मग हापीसच बोलव की गावात."

बसमधले हसले. सटवाजीनं खुर्ची स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याकडं ठेवली आणि पोरीला मांडीवर घेतलं. एवढ्यावर सगळं फिरलं, साहेब. बस मोकळी असती तर पुढचं घडलं नसतं, असं सटवाजी अजून म्हणतो. मी, त्याचा गाववाला, म्हणतो, घडलं असतं.

कारण तुम्ही होतात. दोन तास बाहेर बसवून तुम्ही आत घेतलंत. मेधा बोलायला लागली, मांडी, कंबर, पायाचा आधार. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "तुम्ही कंत्राटी ना? तुमचं मत विचारलं नाही. मुलगी दाखवा."

बाकड्यावर बसवा म्हणालात. बाकडं उंच, पाठ नाही, पाय अधांतरी. सटवाजीनं पोरीला ठेवलं आणि हात धरून राहिला.

"सोडा. मला बघू दे."

"सोडलं की पडतीय, साहेब."

"सोडा म्हटलं ना."

त्यानं सोडलं. दीपालीचे दोन्ही हात खाली गेले, बाकड्याची कड घट्ट धरली. बोटं पांढरी झाली, तोंडातून लाळ आली, मान एका बाजूला गेली. तुम्ही तिच्यासमोर कागद आणि पेन धरलंत. "नाव लिही बघू."

तिनं कागदाकडं बघितलं. मग बापाकडं. तिला नाव येत होतं, साहेब. पण कागद घ्यायला एक हात सोडायला हवा होता. ती तोल आणि नाव ह्यांच्यामधे अडकून बसली. आणि मग तिनं हात सोडलाच. उजवा. पेनला बोटं लागली असतील-नसतील, तोच ती तोंडावर गेली. सटवाजीनं झेप घेतली तरी हनुवटी तुमच्या टेबलाच्या कडेला लागून ओठ फुटला.

तुम्ही टिश्यूचा डबा पुढं सरकवलात. म्हणालात, "बघा. बसताच येत नाही. असल्या मुलीला शाळेत डांबणं म्हणजे क्रूरपणा आहे. घरी ठेवा, आमचे शिक्षक येतील."

मेधा म्हणाली, "खुर्चीत बसते ती, सर. लिहितेसुद्धा. एकदा शाळेत येऊन बघा."

"खुर्ची कुठं आहे?"

"बसमधे घेतली नाही."

"मग मी काय बघायला येऊ?"

सटवाजीनं पोरीचं तोंड आपल्या टॉवेलनं पुसलं. तुमचा कागदी रुमाल त्यानं घेतला नाही. बाहेर पडल्यावर तो मेधाला एवढंच म्हणाला, "बाई, मी सोडायला नको व्हतं. त्यानं सोड म्हटलं म्हणून मी कसं सोडलं?" बस धारवाडबाहेर निघाली तरी तो हेच म्हणत होता.

पंधरा दिवसांत मेधाला बदली करून लांब नवलगुंदकडं पाठवलं. त्याचा कागदही तुमच्याच टेबलावरून गेला.

नोव्हेंबरात सुगी लागली. भात एकदम पिवळं पडतं, दाणा झडायच्या आत कापावं लागतं, कुणी कुणासाठी थांबत नाही. गिरणीनंही माणसं कमी केली, म्हणून सटवाजीही कापणीला. इंदुमती तापानं पडली. पोरीला ठेवायचं कुणाकडं? मग बांधावर. गोणपाट अंथरून वर काठ्यांना लुगडं बांधून सावली केली. दीपाली दिवसभर आडवी. पाय एकमेकांवर चढलेले. भाताचं कुसळ अंगाला लागून खाज सुटायची आणि खाजवायला हात पोचायचा नाही. कौसल्या चार ओळी कापल्या की येऊन पाय सोडवायची, परत जायची. शेतमालक वरून ओरडायचा, "अगे कौसल्या, कापाय आलीस का पोर खेळवाय?"

एकदा तिनं जवळ काटकी ठेवली. "लिही की बाई मातीत." दीपालीनं काटकी मुठीत धरली, चार बोटं हलवली आणि टाकून दिली.

"का गे?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "कोण... बघतंय?"

सुगी संपली त्या आठवड्यात कौसल्यानं खुर्ची पुसली, पोरीला वर उचललं. मांड्या उघडेनात. ठोकळ्यावरून पाय पलीकडं जाईनात. कौसल्यानं थोडा जोर केला तशी पोर किंचाळली, असं की रस्त्यावरचा माणूस थांबला. सटवाजीनं तीनदा करून बघितलं. मग पटाशी घेतली आणि ठोकळा तासायला बसला. ज्याला रविवारमागून रविवार काचेनं घासलं होतं त्याच्या ढलप्या अंगणात पडायला लागल्या.

"बारीक करतो. बसंल मग."

कौसल्या त्याच्या हातातल्या पटाशीकडं बघत म्हणाली, "आज ठोकळा तासशीला. पुढच्या महिन्यात काय, पोरीला तासशीला?"

तो थांबला. पटाशी ठेवली नाही. हातात धरूनच बसून राहिला.

त्याच दिवशी बाळाचार्यांनी निरोप पाठवला. पोरीला परत शाळेत घ्या म्हणून त्यांनी सटवाजीच्या नावानं लिहून दिलेल्या अर्जाचं उत्तर आलं होतं. कागद कन्नडात होता. मास्तर शाळेच्या पायरीवर बसून मराठीत सांगू लागले.

"लिवलंय... 'सदर विद्यार्थिनीस घरी नियमित शिक्षण मिळत आहे. नोव्हेंबर महिन्यात शिक्षकांनी चार वेळा गृहभेट दिली. बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा ते एक. अक्षर गिरवणे व लेखन सराव घेतला. पालक उपस्थित. प्रगती समाधानकारक. सबब शाळेत पुनःप्रवेशाची आवश्यकता नाही.'"

"कुणाच्या घरी?" सटवाजीनं विचारलं.

"तुझंच नाव हाय."

"सर, बारा तारखेला मी पाटलाच्या गुंड्यात भात कापत व्हतो. ही पण. पोर बांधावर. घराला कीली."

"मला ठाऊक हाय."

"तुम्हाला सगळंच ठाऊक असतंय, सर," कौसल्या म्हणाली. बाळाचार्यांनी कागदाची घडी घातली आणि वर बघितलं नाही.

साहेब, कागदावर तुमची सही आहे. म्हणून आता तुम्ही सांगा. बारा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता तुमचा माणूस ह्या गावात आला, तर कुलूपबंद घरात शिरला कुठून? दोन तास अक्षर कुणाचा हात धरून गिरवलं? समोर उपस्थित होते म्हणता ते आईबाप कोण होते? त्याच वेळी ती पोर पाटलाच्या बांधावर आडवी पडली होती, आणि तिच्या मांड्या एकमेकींना चिकटत होत्या. तुमची ती समाधानकारक प्रगती कुणाची झाली? माणसाचं नाव लिहा. चारही तारखांपुढं लिहा. आम्हाला वाचता येईल अशा अक्षरात लिहा, आणि गावात येऊन कौसल्याच्या हातात द्या. ती विचारतेय.